ऑइल इंजिनचे मेटल घरी बदलताना येणाऱ्या अडचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती कोणत्या इंजिनासाठी आहे?

शेतावर, गुऱ्हाळावर किंवा लहान गिरणीवर चालणाऱ्या, एका सिलिंडरच्या, पाण्याने थंड होणाऱ्या ५ ते १० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनासाठी, म्हणजे आपण ज्याला सरसकट ऑइल इंजिन म्हणतो त्यासाठी ही माहिती आहे. कोल्हापूर परिसरात त्याच्या दोन जाती भेटतात. एक, मिनिटाला साधारण ६५० फेरे घेणारी, दोन मोठ्या चाकांची जुनी संथ इंजिने, ज्यांत कनेक्टिंग रॉडच्या कॅपला लावलेला चमचा क्रँकच्या चेंबरमधले तेल उडवून वंगण पोहोचवतो. दुसरी, १५०० फेऱ्यांची इंजिने, ज्यांत पंप दाबाने तेल क्रँकपर्यंत, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्यापर्यंत, नेतो. पुढे ‘मेटल’ हा शब्द बिग एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉड आणि क्रँकपिन यांच्यामधल्या दोन अर्धगोल पाकळ्यांसाठी वापरला आहे. क्रँकच्या दोन्ही टोकांच्या बेरिंगला ‘मेन’ म्हटले आहे. या कामात माझे एकच सांगणे आहे: नवे मेटल बसवणे हे निम्मे काम आहे, आणि जुने मेटल कशाने गेले हे शोधणे हे उरलेले निम्मे. दुसरे निम्मे सोडले, तर पहिले निम्मे पुन्हा करावे लागते.

इंजिन ठोका मारते आहे. म्हणजे मेटलच गेले का?

नाही, आणि इंजिन उघडण्यापूर्वी हे ठरवण्यात एक सकाळ गेली तरी ती वाया गेली असे समजू नये. बिग एंडचा ठोका जड आणि बोथट असतो. भार पडला की वाढतो आणि गव्हर्नरने (वेग आवरणाऱ्या यंत्रणेने) डिझेल एकदम कमी केले की त्याचा आवाज बदलतो. मेनचा आवाज त्याहून खोल असतो आणि तो कानापेक्षा पायाखालच्या फाउंडेशनमध्ये जास्त जाणवतो. पिस्टन पिनचा बुश ढिला असेल तर हलकी, कोरडी टकटक येते. पिस्टन लायनरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्यात) सैल असेल तर थंड इंजिन वाजते आणि तापले की बरेचसे शांत होते. नॉझल थेंब सोडत असेल किंवा डिझेल पंपाचे टायमिंग पुढे गेले असेल, तरी धातूवर धातू आदळल्यासारखा कडक आवाज येतो. त्याचा मेटलशी काही संबंध नसतो.

सर्वांत जास्त फसवणारा ठोका मात्र फ्लायव्हीलच्या चावीचा, म्हणजे मोठे चाक दांड्यावर पक्के धरणाऱ्या पोलादी पाचरीचा असतो. आमच्या नदीकाठच्या इंजिनाचे मेटल माझ्या चुलत्यांनी एकाच हंगामात दोनदा बदलून घेतले होते आणि तरीही ठोका जागच्या जागी होता. तिसऱ्या वेळी मी इंजिन बंद करून चाकाच्या बोअरजवळ बॅटरी धरली, तेव्हा चावीच्या कडेने तांबूस, गेरूसारखी बारीक भुकटी बाहेर आलेली दिसली. दोन पोलादी पृष्ठभाग एकमेकांवर घासत असल्याची ती खूण असते. चावी काढून, खाच साफ करून, कुठे टेकते ते दाखवणारा निळा रंग लावून नवीन चावी जुळवून ठोकली आणि आवाज गेला. म्हणून आधी चाक, पुली, पंपाचे कपलिंग आणि फाउंडेशनचे बोल्ट पाहावेत.

एवढे सगळे ठीक असेल, तर इंजिन पूर्ण बंद करून, डिझेलचा कॉक मिटवून आणि नॉझलकडची हाय प्रेशर नळी सोडून बाजूचे झाकण उघडावे. क्रँकपिन वरच्या टोकापासून थोडी खाली आणून चाक तसेच धरून ठेवावे आणि कनेक्टिंग रॉड हाताने वरखाली हलवावा. आडव्या दिशेला, म्हणजे पिनच्या लांबीच्या दिशेने, थोडी हालचाल असणारच. ती दोष नव्हे. वरखाली टक् असे जाणवले, तर मेटल उघडण्याचे कारण मिळाले.

हे काम खरोखर घरी होते का?

खोलणे, धुणे, मोजणे, जुळवणे आणि बसवणे घरी होते. क्रँक ग्राइंड करणे, रॉडचा वाकडेपणा काढणे, पिस्टन पिनचा बुश रीमिंग करणे आणि मेनचे बुश बोअर करणे घरी होत नाही, आणि करूही नये. त्यासाठी कोल्हापूरकरांना लांब जावे लागत नाही. शिवाजी उद्यमनगर पूर्वीपासून याच कामावर वाढलेले आहे, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींतही क्रँक ग्राइंडिंगची सोय आहे. घरी मात्र ५० ते ७५ मि.मी. मापाचा मायक्रोमीटर (पिन ५० च्या आतली असेल तर त्याखालचा), टॉर्क पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि प्लास्टिगेजच्या काड्या (त्यांविषयी पुढे) हव्यात. मायक्रोमीटर नसेल तर तो कोणाकडून मागून आणावा, पण अंगठ्याने चाचपून ‘ठीक आहे’ म्हणू नये. बोटाला जाणवणारी झीज ही फार पुढची अवस्था असते.

जागेविषयी एक सांगणे आहे. गोठ्याशेजारी किंवा उसाचे पाचट उडते अशा ठिकाणी हे काम करू नये. तेलाचा जो थर पिनला मेटलपासून वेगळे ठेवतो, तो भाराखाली काही मायक्रॉनच उरतो; आपल्या डोक्याचा केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. त्यामुळे मातीचा डोळ्यांना न दिसणारा कणही तिथे दगडासारखा वागतो.

कॅप निघतच नाही. काय करावे?

प्रथम कॅप आणि रॉड यांवर एकाच बाजूला जुळणारे आकडे आहेत का ते पाहावे. नसतील तर सेंटर पंचाने एकेक बारीक टिंब दोन्हींवर एकाच बाजूला मारून घ्यावे. चमचा असलेल्या इंजिनात चमच्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, तेही कागदावर काढून ठेवावे. मग स्प्लिट पिन किंवा लॉक वॉशर सरळ करून दोन्ही नट थोडे थोडे, आळीपाळीने सैल करावेत. नट पूर्ण काढण्यापूर्वी दोनचार आटे शिल्लक ठेवून कॅपच्या बाजूंवर लाकडी किंवा तांब्याच्या हातोडीने डाव्या-उजव्या हलक्या टिचक्या दिल्या की कॅप सुटतो. कॅप आणि रॉडच्या जोडावर छिन्नी किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये. त्या जोडावर पडलेला एक ओरखडा मेटलचा गोल कायमचा बिघडवतो.

कॅप निघाल्यावर बोल्टच्या आट्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवावेत, म्हणजे रॉड वर ढकलताना आटे क्रँकपिनवर घासत नाहीत. पिस्टन वरून काढायचा असेल तर लायनरच्या वरच्या कडेवरचा कार्बन आधी खरवडून घ्यावा, नाहीतर रिंगा त्यात अडकून तुटतात. काही इंजिनांत बाजूच्या दारातूनच दोन्ही पाकळ्या बदलता येतात आणि पिस्टन काढावा लागत नाही. सोय म्हणून ते ठीक आहे, पण मग रॉडचा गोल आणि वाकडेपणा तपासला जात नाही. मेटल अकाली गेलेले असेल, तर मी रॉड बाहेर काढल्याशिवाय पुढे जात नाही.

जुने मेटल पाहून काय कळते?

जवळजवळ सगळेच. म्हणून काढलेल्या पाकळ्या भंगारात टाकू नयेत. वरची कोणती आणि खालची कोणती, ते पाठीवर मार्करने लिहून, रॉकेलमध्ये धुऊन, उन्हात तिरप्या धरून पाहाव्यात.

पाकळीची पाठ पोलादाची असते, त्यावर तांबे-शिसे किंवा ॲल्युमिनियम-कथील यांचा थर असतो, आणि तांबे-शिशाच्या जातीत बहुधा सर्वांत वर राखाडी रंगाचा अगदी पातळ मऊ थर असतो. जुन्या संथ इंजिनांत पांढरे धातू ओतलेले मेटलही सापडते. कथिलावर आधारित ही मिश्रधातू आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये काढली, म्हणून तिला बॅबिट म्हणतात. हा थर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, कारण बारीक कण आला तर तो मेटलने पोटात घ्यावा आणि क्रँक वाचवावा, अशी ती योजना आहे.

पृष्ठभाग सगळीकडे सारखा मंद राखाडी असेल आणि मध्येच तांब्याचा रंग एकसारखा डोकावत असेल, तर ते मेटल आपले आयुष्य पूर्ण करून गेले आहे. बिग एंडमध्ये स्फोटाचा भार रॉडकडच्या, म्हणजे वरच्या पाकळीवर येतो, त्यामुळे ती जास्त झिजलेली असणे स्वाभाविक आहे. फिरण्याच्या दिशेने गोल रेघा असतील आणि नखाला टोचणारे चमकते कण रुतलेले असतील, तर तेलात माती किंवा धातूचा चुरा होता. अशा वेळी एअर क्लीनर, तेलाची गाळणी आणि तेल भरायचे भांडे, तिन्ही तपासावीत. डिझेलच्या कॅनमधूनच तेल ओतण्याची सवय बऱ्याच ठिकाणी असते, आणि त्या कॅनच्या तळाला वाळू असते.

धातू पुसल्यासारखा एका दिशेने वाहून कडेला गेला असेल आणि पाठ काळी-निळी झाली असेल, तर तेल पोहोचलेच नाही. कीड लागल्यासारखी बारीक छिद्रे असतील, तर तेलात पाणी गेले आहे किंवा तेल बदलण्याची वेळ फार वेळा टळली आहे. काळ्या रानात पाणी आटल्यावर पडतात तशा भेगा आणि त्यांतून निघालेल्या खपल्या दिसल्या, तर तो थकव्याचा दोष आहे: इंजिनावर सतत जादा भार आहे, किंवा मेटल सैल होऊन प्रत्येक स्फोटाला आदळत राहिले आहे. वरच्या पाकळीची डावी कड आणि खालच्या पाकळीची उजवी कड झिजली असेल, तर रॉड वाकला आहे. इथे नवे मेटल घालणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे. दोन्ही पाकळ्यांची एकच कड झिजली असेल, तर पिन निमुळती झाली आहे. आणि पाकळीची पाठ जागोजाग घासून चमकत असेल, तर मेटल आपल्या घरात घट्ट बसलेच नव्हते. पाठीवर एकच चमकदार ठिपका असेल आणि त्याच्या बरोबर समोर आतल्या बाजूलाही झीज असेल, तर बसवताना मागे कचरा राहिला होता. हा शेवटचा दोष बसवणाऱ्या हातांचा असतो. तो माझ्याही हातून एकदा झाला आहे, आणि कारण होते चिंधीचा एक धागा.

क्रँकपिन कशी मोजावी?

पिनच्या दोन्ही कडांजवळ आणि मध्यभागी, अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात दोनदा, असे एकूण सहा आकडे घ्यावेत. सकाळी, पिन आणि मायक्रोमीटर दोन्ही थंड असताना मोजावे. एकाच ठिकाणच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे लंबगोलपणा; कडेपासून कडेपर्यंतचा फरक म्हणजे निमुळतेपणा. पिन लंबगोल होते, कारण स्फोटाचा मार दर वेळी तिच्या त्याच बाजूवर बसतो.

समजा, पिनचे मूळ माप ५०.०० मि.मी. आहे, आणि आपल्याला एका दिशेला ४९.९८ व काटकोनात ४९.९२ मिळाले. नवे स्टँडर्ड मेटल यावर बसवले, तर ते एका दिशेला नीट आणि दुसऱ्या दिशेला ०.०६ मि.मी. जादा सैल राहील. कार्यशाळेच्या भाषेत हे सुमारे २.४ थाऊ झाले (१ थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मि.मी.). इंजिन पहिले काही दिवस शांत चालेल आणि मग ठोका परत येईल. किती फरक चालतो याचा आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातून घ्यावा. पुस्तक हरवले असेल तर अधिकृत विक्रेत्याकडून झेरॉक्स मागून आणावी. पिन निळसर पडली असेल, तिच्यावर केसाएवढी भेग दिसत असेल किंवा कडेच्या गोलाईपाशी रेघ उठली असेल, तर मोजमापाचा प्रश्नच संपतो. तो क्रँक तपासणीला द्यावा.

ग्राइंडिंगला देताना काय सांगावे?

मेटल ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मि.मी. अंडरसाइजमध्ये, म्हणजे घासून तितक्या बारीक केलेल्या पिनसाठी मिळते, इंची मापात १०, २०, ३० थाऊ असे. दुकानदार आधी मेटल देतो आणि मग आपण क्रँक त्यावर घासून आणतो, हा क्रम उलटा आहे. आधी क्रँक मोजावा, किती घासल्यावर पिन पूर्ण गोल होईल ते ठरवावे, त्या मापाचे मेटल हातात आले की ते आणि कनेक्टिंग रॉड क्रँकसोबत घेऊन जावे, आणि ‘मेटल रॉडमध्ये कसून आतला व्यास मोजा व त्यावरून पिनचे माप काढा’ असे स्पष्ट सांगावे.

तीन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. पिनच्या दोन्ही कडांची गोलाई पूर्वीइतकीच ठेवलेली असावी. ती कमी झाली तर क्रँक तिथेच मोडतो, आणि जास्त झाली तर मेटलची कड तिच्यावर चढते. तेलाच्या छिद्राची कड हलकी गोल केलेली असावी. आणि शेवटी पॉलिश झालेले असावे. एकदा घाईच्या दिवसांत मी क्रँक आणला आणि छिद्राची कड न पाहता बसवला. ती कड ब्लेडसारखी होती आणि तिने नव्या मेटलवर पहिल्याच तासात मधोमध एक चर पाडला. आता मी क्रँक ताब्यात घेण्यापूर्वी त्या छिद्रावरून नख फिरवतो. घरी आणल्यावर तेलाच्या वाटा डिझेलने आणि तारेच्या ब्रशने धुऊन, कॉम्प्रेसरची हवा मारून घ्याव्यात, कारण ग्राइंडिंगचा चुरा नेमका तिथे बसलेला असतो.

नवीन मेटल बसवले आणि इंजिन फिरतच नाही. आता काय?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत घाईने चुकीचे उत्तर दिला जाणारा प्रश्न हाच आहे. ‘नवीन आहे, चालून चालून सुटेल’ हे उत्तर कृपया स्वीकारू नये. बरोबर बसलेले मेटल तेल लावल्यावर, पूर्ण टॉर्क दिल्यावरही हाताने फिरते. फिरत नसेल तर कुठेतरी धातू धातूला भिडला आहे, आणि हँडल मारून किंवा चाकाला पहार लावून फिरवले, तर तेच मेटल तिथल्या तिथे पुसले जाते.

अडचण वेगळी काढावी. प्रथम बिग एंडचे नट सैल करून चाक फिरवावे. तरीही घट्ट असेल, तर दोष बिग एंडमध्ये नाही. मेनमध्ये किंवा क्रँकच्या आडव्या खेळात, म्हणजे लांबीच्या दिशेने हलायच्या मोकळीकीत आहे. काही इंजिनांत मेन बेरिंग हाउसिंगखालच्या कागदी पॅकिंगच्या जाडीवरच क्रँकचा आडवा खेळ ठरतो. जुने जाड पॅकिंग फाटले म्हणून दुकानातून पातळ आणून लावले, की क्रँक दोन्हीकडून दाबला जातो आणि माणूस मेटलला दोष देत बसतो. क्रँकला आडवे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरची खाचांची बाजू क्रँककडे असते. ती उलटी लागली तरी असेच होते. मेनचे बुश दाबून बसवले असतील तर दाबल्यावर त्यांचा आतला व्यास थोडा कमी होतो, म्हणून बसवण्यापूर्वीचे माप निरुपयोगी आहे. ते बसवल्यावर घ्यावे, आणि तेलाचे छिद्र छिद्रासमोर आले आहे याची तारेने खात्री करावी.

नट सैल केल्यावर क्रँक मोकळा फिरत असेल, तर बिग एंडकडे वळावे. कॅप उलटा लागला आहे का, म्हणजे आकडे एकाच बाजूला आहेत का? पाकळीचा कान (कडेचा बारीक उंचवटा) रॉडच्या खाचेतच बसला आहे का, की कडेवर चढला आहे? छिद्र असलेली पाकळी छिद्र असलेल्या बाजूलाच गेली आहे का? पाकळी आणि रॉड यांच्यामध्ये तेल किंवा कचरा आहे का? पाठ आणि घर, दोन्ही कोरडी असावीत. तेल फक्त आतल्या बाजूला. डब्यावर ०.५० लिहिले असले तरी पाकळीच्या पाठीवरचा शिक्का वाचावा, कारण डबे बदललेले मी पाहिले आहेत. शेवटी मेटलच्या कडेवर मार्करने रेघ मारून, एक फेरा देऊन पुन्हा काढून पाहावे. कडेवरची शाई पुसली असेल तर मेटल पिनच्या गोलाईवर चढते आहे. आणि हे सगळे ठीक असूनही फक्त पिस्टन वर जाताना जड वाटत असेल, तर रिंगांचे तोंड (टोकांमधली फट) मोजावे. तो मेटलचा प्रश्न नाही.

मेटल सैल आहे. कॅप कानसून किंवा मागे कागद घालून घट्ट करता येईल का?

करू नये. जुन्या बॅबिटच्या, शिम (जोडात घातलेले पातळ पत्रे) असलेल्या रॉडमध्ये एकेक शिम दोन्ही बाजूंनी सारखी काढून खेळ कमी करण्याची पद्धत मूळ रचनेतच होती, आणि तिथे ती योग्य आहे. पातळ पाकळ्यांचे मेटल वेगळे आहे. या पाकळ्या मुद्दाम अर्धवर्तुळापेक्षा किंचित उंच केलेल्या असतात. कॅप आवळल्यावर त्या एकमेकींवर दाबल्या जाऊन घराला घट्ट चिकटतात, आणि त्या दाबामुळेच त्या फिरत नाहीत. कान फक्त जागा दाखवतो, मेटल धरून ठेवत नाही. कडा कानसल्या की तो दाब जातो आणि मेटल घरात फिरून तेलाचे छिद्रच बंद करते. कॅप कानसला तर गोल बिघडतो. मागे कागद किंवा सिगारेटच्या पाकिटातला वर्ख घातला, तर उष्णता रॉडमध्ये जाण्याची वाट बंद होते. शेतात पाणी उभे असताना हा मार्ग सुचवणाऱ्या मिस्त्रींचा हेतू चांगला असतो, हे मी मानतो. पण त्यानंतर रॉड तुटून क्रँककेसला भगदाड पडलेले इंजिनही मी उचलले आहे.

प्लास्टिगेज कसे वापरावे?

प्लास्टिगेज म्हणजे मेणासारखी मऊ, अगदी बारीक काडी. हिरव्या रंगाची काडी ०.०२५ ते ०.०७६ मि.मी. मोजते आणि या कामाला तीच लागते. पिन आणि मेटल कोरडे पुसावेत, पिनवर लांबीच्या दिशेने काडीचा तुकडा ठेवावा, कॅप पूर्ण टॉर्कवर आवळावा आणि पुन्हा काढावा; मध्ये क्रँक जराही फिरवू नये. काडी दबून पसरते, आणि तिची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवली की खेळ कळतो. दबलेली काडी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद असेल, तर पिन निमुळती आहे. पिनच्या व्यासाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका खेळ, म्हणजे ५० मि.मी. पिनला साधारण ०.०५ मि.मी., हा अंदाज म्हणून धरावा. शेवटचा शब्द पुस्तकाचा. काडी तेलात विरघळते, पण तरीही ती पुसूनच पुढे जावे.

टॉर्क पान्याशिवाय नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळले तर?

कमी आवळले तर कॅप श्वास घेतल्यासारखा उघडझाप करतो आणि बोल्ट थकून तुटतो. जास्त आवळले तर बोल्ट ताणला जातो आणि तोही तुटतो. आटे स्वच्छ करून, पुस्तकात सांगितले असेल तर तेल लावून, तीन टप्प्यांत आवळावे, आणि प्रत्येक टप्प्यावर चाक हाताने फिरवून पाहावे. जुन्या पुस्तकांत आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो आणि नवीन पान्यावर न्यूटन-मीटर, पहिल्याला ९.८१ ने गुणावे. मेटल पिनला धरून जाम झालेल्या रॉडचे बोल्ट आणि नट नवीनच घ्यावेत. स्प्लिट पिन दुसऱ्यांदा वापरू नये.

पहिल्यांदा चालू करताना काय काळजी घ्यावी?

बसवताना पिनला भरपूर तेल लावलेले असावे. चमच्याच्या इंजिनात तेलाची पातळी बरोबर आहे आणि चमचा तेलात बुडतो आहे, हे दार लावण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे. तेलपंपाच्या इंजिनात डिझेल बंद ठेवून, डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारी दांडी) उचलून, हँडलने तेल येईपर्यंत फिरवावे. मग भार न देता पाच मिनिटे चालवावे, बंद करावे, पूर्ण थांबल्यावर थोडा वेळ जाऊ द्यावा आणि दार उघडून बिग एंडची कॅप हाताने चाचपावी. शेजारच्या लोखंडापेक्षा ती स्पष्ट जास्त गरम असेल, तर तिथेच थांबावे. बंद केल्याबरोबर दार उघडू नये. आत तेलाची गरम वाफ असते आणि तिला हवा मिळाल्यास ती पेट घेऊ शकते. मग अर्धा तास बिनभाराने, पुढे हळूहळू भार वाढवत चालवावे. पहिल्या काही तासांनंतरच तेल बदलावे आणि चेंबरच्या तळाशी काय उतरले आहे ते पांढऱ्या ताटलीत ओतून पाहावे.

मेटल पुन्हा पुन्हा जाते. कारण काय असू शकते?

तेलाची पातळी आपोआप वाढते आहे का, हे पहिल्यांदा पाहावे. वाढत असेल तर फ्युएल पंपातून डिझेल चेंबरमध्ये उतरते आहे. तेल पातळ होते, तेल मोजायच्या गेजवर पातळी भरलेली दिसते आणि माणूस निर्धास्त राहतो. गेजची पट्टी नाकाजवळ नेली की वास येतो. तेल दुधाळ असेल तर लायनरच्या रबरी रिंगेतून किंवा हेडच्या पॅकिंगमधून पाणी येते आहे. यांखेरीज गाळणी बसलेली, तेलाचा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा राहिलेला, तेलपंपाचे गिअर झिजलेले किंवा क्रँकमधल्या वाटेचा प्लग सुटलेला, ही कारणे क्रमाने तपासावीत.

पुरात बुडालेले इंजिन पाणी ओसरल्यावर लगेच फिरवून पाहिले तर चालेल का?

चालणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा-कृष्णेच्या काठची कितीतरी इंजिने अनेक दिवस पाण्याखाली होती, आणि त्यांतली पुष्कळशी पुराने नव्हे, तर पाणी उतरल्यावर मारलेल्या पहिल्या हँडलने खराब झाली. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही; रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड मेटलच्या कडा खातो, हे वर आलेच आहे. आधी नॉझल काढावे, एअर क्लीनर काढून धुवावा, चेंबरचे तेल-पाणी सोडावे, बाजूचे दार उघडून आतला गाळ डिझेलने धुवावा, आणि बिग एंड व मेन उघडून पाहावेत. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो, तो तेलाच्या वाटांच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतो, आणि वरून तेल बदलून तो जात नाही. पाणी ओसरल्यावर हे काम जितके लवकर होईल तितके बरे. उघड्या पडलेल्या ओल्या पिनवर गंज चढायला एक रात्र पुरते.

किती दिवस धरावेत?

खोलणे आणि मोजणे एक दिवस, ग्राइंडिंग ज्या कार्यशाळेत आहे तिच्या रांगेप्रमाणे, आणि बसवणे एक पूर्ण दिवस. गुऱ्हाळे पेटायच्या आधीच्या आठवड्यांत उद्यमनगरात रांग लांब असते, म्हणून ठोका उन्हाळ्यात ऐकू आला असेल तर दसऱ्याची वाट पाहू नये.